२२ इंची पन्ह्याची घोंगडी आणि पुरुषांची चार जाकिटे

फॅशन डिझाइनच्या तिसऱ्या वर्षाला पुरुषांच्या कपड्यांचे जे कलेक्शन मी सादर केले, त्यातली चारही जाकिटे माणदेशातून आणलेल्या हातमागाच्या घोंगडीच्या कापडाची होती. अंथरायचे-पांघरायचे कापड म्हणून घोंगडी आपल्याकडे सर्वांनाच ठाऊक आहे. ती अंगात घालायच्या कपड्यासाठी विकत घ्यावी का, हा प्रश्न मात्र वेगळा आहे, आणि सहा महिने ही जाकिटे घरच्या माणसांच्या अंगावर पाहिल्यानंतर त्याचे उत्तर मी इथे देत आहे.

त्याच्या आदल्या वर्षीचे माझे कलेक्शनही कागदोपत्री शाश्वतच, म्हणजे पर्यावरणपूरकच होते. सेंद्रिय कापसाचे प्रमाणित कापड घेतले होते, लेबले पुनर्वापराच्या कागदाची लावली होती. सादरीकरण आटोपल्यावर आमच्या कटिंग मास्तरांनी टेबलाखालच्या पिशवीतले कातरण वजनकाट्यावर ठेवायला सांगितले. घेतलेले कापड ५ किलो २०० ग्रॅम होते आणि कातरण १ किलो ५० ग्रॅम भरले. म्हणजे महागामोलाच्या सेंद्रिय कापडाचा पाचवा हिस्सा मी माझ्याच हाताने कचऱ्यात घातला होता. त्यात भर म्हणजे पँटच्या कापडात ताणासाठी दोन टक्के इलास्टेन आणि कोटाला पॉलिस्टरचे अस्तर. असे मिश्र कापड सुटे करून पुन्हा धाग्यापर्यंत नेणे फार अवघड असते. मास्तर एवढेच म्हणाले, ‘‘पैरण कापताना आमच्या वडिलांच्या हातून मूठभर चिंध्याही निघत नसत.’’

ते मला लागले, आणि पटलेही. पैरण, कोपरी, बाराबंदी हे कपडे मुळात चौकोनी तुकड्यांचे असतात. कापडाचा जो पन्हा, म्हणजे रुंदी असेल तोच पाठीचा किंवा पुढच्या भागाचा पन्हा, अंगाला ऐसपैस व्हावे म्हणून बाजूला कळ्या, म्हणजे जोडलेले तुकडे, आणि हात वर उचलता यावा म्हणून काखेत चौबगला, म्हणजे छोटा जोडतुकडा. आमच्या वर्गात मात्र आधी चित्र काढतात, मग त्या चित्राला साजेसे कापड शोधतात. दुसऱ्या खेपेला मी क्रम उलटा केला आणि आधी कापड आणले.

आता कापडाविषयी. दख्खनी मेंढीची लोकर वर्षातून दोनदा कातरली जाते. ती काळी, करडी आणि पांढरी अशी निसर्गतःच मिळत असल्याने रंगवण्याची, आणि त्यासाठी लागणाऱ्या पाण्याची, गरजच उरत नाही. मटणाला भाव आहे आणि लोकरीला नाही, त्यामुळे कातरणीची मजुरीही सुटत नाही म्हणून अनेक मेंढपाळ ही लोकर टाकून देतात. टाकून दिल्या जाणाऱ्या मालातून कापड होते, ही या कापडाची सर्वांत मोठी जमेची बाजू. मी बारा मीटरची पट्टी घेतली, मीटरला ५५० रुपये दराने. एका मीटरचे वजन साधारण ४०० ग्रॅम भरते, म्हणजे चौरस मीटरला सातशे ग्रॅमच्या आसपास. नेहमीच्या सुटाचे लोकरी कापड अडीचशे ते तीनशे ग्रॅमचे असते, त्यावरून जाडीची कल्पना यावी.

नवे कापड हातात आले तेव्हा ते पुठ्ठ्यासारखे ताठ होते आणि त्याला आंबूस वास येत होता. मागावर चढवण्याआधी ताण्याला, म्हणजे उभ्या धाग्यांना, चिंचोक्याची खळ कुंच्याने लावलेली असते, त्या खळीचा हा ताठपणा. मी घाईत पहिले जाकीट कापड न धुताच कापले, शिवले, आणि मग धुतले. वीस इंचांची बाही दीड इंचाने आखूड झाली, उंची अठ्ठावीसवरून सव्वीसवर आली. हे जाकीट आता माझ्या मामेभावाचे, तो उंचीने बेताचा आहे म्हणून निभावले. उरलेल्या तिन्हींसाठी कापड आधी रात्रभर भिजवून, दोनदा खळबळून, सावलीत वाळवून घेतले. ते वाळायला तीन दिवस लागले. पाण्याने जड झालेली पट्टी दोघींनी मिळून दांडीवर टाकली तेव्हा ‘भिजत घोंगडे’ हा वाक्प्रचार कोणाच्या अनुभवातून आला असेल, हे मला नीट कळले. धुतल्यानंतर मात्र कापडाचा कायापालट होतो. खळ निघून जाते, धागे फुगून एकमेकांना बिलगतात आणि हाताला जाड पण लवचीक असा पोत लागतो.

पन्हा २२ इंच. चाळीस इंची छातीला चार इंच सैल धरले की घेर चव्वेचाळीस होतो, म्हणजे बरोबर दोन पन्हे: एक पाठीला, आणि एक मधोमध चिरून पुढच्या दोन पाख्यांना. काठ बगलेच्या शिवणीत येतो, तो उसवत नाही, म्हणून तिथे दुमड घालावी लागत नाही. एका पन्ह्याची एक बाही. गळ्यातून निघालेल्या तुकड्याचा खिसा झाला आणि मनगटाकडे बाही निमुळती करताना निघालेल्या तिरक्या तुकड्यांचे चौबगले. एका जाकिटाला तीन मीटर कापड लागले आणि बारा मीटरच्या, म्हणजे ४ किलो ८०० ग्रॅमच्या, कापडात कातरण निघाले अवघे १८० ग्रॅम. ते एका उशीत भरले. हे आकडे मी मास्तरांना दाखवले तेव्हा त्यांनी काटा तपासून पाहिला, हे सांगायला हवे.

अडचणीही आहेतच. पन्हा २२ इंच म्हटले तरी एकाच पट्टीत तो कुठे सव्वाएकवीस, तर कुठे साडेबावीस भरतो. संगणकावर आखलेला मार्कर, म्हणजे कापडावर तुकडे कसे बसवायचे याचा आराखडा, इथे निरुपयोगी ठरतो. प्रत्येक तुकडा टेबलावर अंथरून, खडूने आखूनच कापावा लागतो. मापांचा प्रश्न तर खराच अवघड आहे. छत्तीस छातीच्या माणसाला दोन पन्हे ढगळ होतात आणि चव्वेचाळीसच्या माणसाला अपुरे पडतात. मोठ्या मापाला मी बगलेत पांढऱ्या लोकरीची कळी घातली. तीच जाकिटाची शोभा झाली, हा योगायोग. लहान मापाला पुढचे पाखे एकमेकांवर चढवून बाराबंदीसारखे बंद लावले. काजे करण्याचा प्रयत्न आधी केला होता, पण एवढ्या जाड कापडात मशीनचे काज धड बसेना आणि दोन सुया मोडल्या. १८ नंबरची सुई आणि लांब टाका यांवर सरळ शिवण निघते. खांद्याची शिवण मात्र हातानेच, लोकरीच्या धाग्याने घातली.

अंगावर ते टोचते. हे स्पष्टच लिहिलेले बरे, कारण विकणारे ‘वापराने मऊ होते’ एवढ्यावर वेळ मारून नेतात. तीस मायक्रॉनहून जाड तंतू कातडीला टोचतो; मऊ लोकरीसाठी प्रसिद्ध असलेल्या मेरिनो मेंढीचा तंतू साधारण १७ ते २३ मायक्रॉनचा असतो आणि दख्खनी लोकर त्याहून कितीतरी भरड, केस मिसळलेली असते. सहा महिन्यांत ती थोडी निवळली, मऊ झाली असे मी म्हणणार नाही. म्हणून गळपट्टीला आणि आतून सर्वत्र पांढऱ्या खादीचे अस्तर लावले, तेही हाताच्या लांब टाक्यांनी, म्हणजे कधी जाकीट मोडायचे झाले तर सूत आणि लोकर वेगळी करता येतील. अस्तराशिवाय हे कापड घालण्याचा सल्ला मी देणार नाही. पहिले दोन महिने गडद पँटवर पांढरे केस आणि फिकट पँटवर काळे केस दिसतात, तेही गृहीत धरावे.

ऊब मात्र अस्सल. माझे वडील जानेवारीत पहाटे दुचाकीवरून कामाला जातात. आत साधा सुती शर्ट आणि वर हे जाकीट एवढ्यावर त्यांचे भागले. चौथ्या जाकिटाला मी मेंढपाळ पावसात घोंगडीची खोळ करतात, त्या घडीवरून टोपी बेतली आणि जूनमध्ये स्वतः घालून भुरभुर पावसात उभी राहिले. अर्धा तास थेंब वरच्या वर राहिले, त्यानंतर खांदे ओले झाले आणि सगळ्याला मेंढीचा वास सुटला. मुंबईच्या हवेत हे जाकीट कोणी घालू नये. पुण्यातही ते वर्षाचे जेमतेम दोन महिने कामाचे, उरलेले दहा महिने कपाटात, आणि कपाटात त्याला कसर लागते. कडुनिंबाचा पाला घालून महिन्यातून एकदा ऊन दाखवले, तर टिकते.

खरेदीबद्दल एक सूचना. शहरातल्या एका प्रदर्शनात मी ‘शुद्ध लोकर’ म्हणून घेतलेल्या पट्टीचा धागा घरी जाळून पाहिला, तर तो वितळून त्याचा कडक मणी झाला. म्हणजे त्यात ॲक्रिलिक होते. लोकरीचा धागा केस जळल्यासारखा वास देतो आणि त्याची राख बोटांत चुरते. दुकानदारासमोरच एक धागा जाळायला मागावा. खरा माल असेल तर कोणी हरकत घेत नाही.

पाच तारे द्यायचेच झाले, तर कापडाला साडेतीन. अर्धा तारा टोचण्यासाठी, अर्धा पन्ह्याच्या चढउतारासाठी, आणि अर्धा वजनासाठी कापला आहे. अस्तर, शिलाई आणि बंद धरून एका जाकिटाला साडेतीन हजारांच्या आसपास खर्च आला. त्यात हातशिलाईचे माझे तास धरलेले नाहीत, ते धरले तर हा कपडा बाजारात कोणत्या भावाला विकावा, याचा हिशेब मला अजून जमलेला नाही.

पुढच्या ऑर्डरसाठी मी विणकर काकांना फोन करून पन्हा चोवीस इंच करून मिळेल का, असे विचारले होते. ते हसून म्हणाले, ‘‘ताई, पन्हा मागाच्या फणीवर ठरतो, आणि फणी आहे ती आहे. माप तुम्ही बदला.’’ सध्या मी वाढीव मापांसाठी तीन प्रकारच्या कळ्या बेतून पाहत आहे.