माद्रिदची संसद आणि २३ फेब्रुवारीच्या खुणा : दोन फेऱ्यांचे परीक्षण

स्पेनच्या संसदेची जुनी इमारत पाहायची असेल तर माद्रिदमध्ये दोन सोयी आहेत. संसद स्वतः मार्गदर्शकासह मोफत फेरी घडवते; त्यासाठी आधी नोंदणी करावी लागते आणि परदेशी पाहुण्यांना पासपोर्ट जवळ ठेवावा लागतो. दुसरी सोय खासगी आहे. फ्रँकोच्या हुकूमशाहीकडून लोकशाहीकडे झालेल्या वाटचालीच्या जागा दाखवत शहरातून पायी हिंडवणाऱ्या संस्था आहेत आणि त्यांपैकी एकीची फेरी संसदेच्या दारापाशी संपते. मी दोन्ही फेऱ्या एकाच दिवशी, लागोपाठ केल्या. १९८१ सालचा लष्करी उठाव समजून घेण्याची ज्यांना मनापासून इच्छा आहे, त्यांच्यासाठी हे लिहीत आहे.

आधी आतल्या फेरीविषयी, कारण पाहण्यासारखे जे आहे ते आत आहे. अर्धवर्तुळाकार सभागृह अपेक्षेपेक्षा लहान वाटते. तांबूस बाके, वर रंगवलेले छत, आणि त्या छताला पडलेली भोके. २३ फेब्रुवारी १९८१ च्या संध्याकाळी लेओपोल्दो काल्व्हो-सोतेलो यांच्या पंतप्रधानपदासाठी एकेका सदस्याचे नाव पुकारून मतदान चालू होते. तेवढ्यात लेफ्टनंट कर्नल आन्तोनियो तेखेरो सुमारे दोनशे सशस्त्र जवान घेऊन आत शिरला आणि हवेत गोळ्या झाडल्या गेल्या. ती भोके या गोळ्यांची आहेत. मार्गदर्शकाने सांगण्याआधी ती दिसत नाहीत, आणि एकदा दिसली की नजर दुसरीकडे जात नाही. २०१३ साली छताच्या दुरुस्तीत त्यांतली काही बुजवली गेली, तेव्हा स्पेनमध्ये त्यावर मोठा वाद झाला होता. तो वाद योग्यच होता असे मला वाटते. आपल्या देशात सैन्याने संसद ताब्यात घेण्याचा प्रसंग कधीच आलेला नाही. त्यामुळे भारतीय पाहुण्याला या खुणा जास्तच अस्वस्थ करतात.

त्या क्षणी जवळजवळ सगळे सदस्य बाकांखाली गेले. मावळते पंतप्रधान आदोल्फो सुआरेझ जागेवर बसून राहिले, कम्युनिस्ट नेते सांतियागो कारियो बसून राहिले, आणि उपपंतप्रधान जनरल गुतिएरेझ मेयादो, त्या वेळी साठी उलटलेले, उठून बंदूकधाऱ्यांना सामोरे गेले व लष्करी अधिकाऱ्याच्या अधिकाराने त्यांना आवर घालू लागले. तेखेरोने त्यांना खाली पाडण्याचा प्रयत्न केला, पण ते पडले नाहीत. हे सगळे चित्रफितीवर आहे, कारण दूरचित्रवाणीचा एक कॅमेरा अर्धा तास तसाच चालू राहिला. ती चित्रफीत पाहून गेलात तर सभागृहात कोण कुठे बसले होते हे स्वतःच ओळखता येते आणि फेरीचे मोल दुपटीने वाढते.

आता खासगी फेरीविषयी. तिचा मार्ग चांगला आखलेला आहे. सुरुवात पुएर्ता देल सोल या चौकात, जिथल्या जुन्या टपाल इमारतीत हुकूमशाहीच्या काळात सुरक्षा खात्याचे मुख्यालय होते. तिथून आन्तोन मार्तीन चौक, जिथे जानेवारी १९७७ मध्ये अतोचा रस्त्यावरच्या कामगार-वकिलांच्या कचेरीत उजव्या अतिरेक्यांनी मारलेल्या पाच जणांचे स्मारक आहे: एकमेकांना कवेत घेतलेल्या माणसांचे शिल्प. शेवटी संसदेसमोर उभे करून कानातल्या यंत्रावर त्या संध्याकाळचे रेडिओचे ध्वनिमुद्रण ऐकवतात. नावे पुकारणारा संथ आवाज, मग गोंधळ, मग गोळ्या. समोर तीच इमारत आणि तेच दोन सिंह, जे आफ्रिकेतल्या युद्धात जिंकलेल्या तोफा वितळवून ओतले होते. केवळ या पाच मिनिटांसाठीही शुल्क द्यावे, असे मी म्हणेन.

माझी तक्रार कथनाविषयी आहे, आणि ती गंभीर आहे. या फेरीत तेखेरो हा विक्षिप्त, मिशाळ, टोपीवाला माणूस म्हणून रंगवला जातो, लोक हसतात, आणि राजा हुआन कार्लोसने दूरचित्रवाणीवर येऊन सगळे सावरले अशी गोष्ट पाच वाक्यांत संपते. प्रत्यक्षात त्याच संध्याकाळी व्हॅलेन्सियात जनरल मिलान्स देल बोश याने रस्त्यांवर रणगाडे उतरवले होते. माद्रिदजवळच्या ब्रुनेते चिलखती तुकडीच्या प्रमुखाला, कटाचा एक सूत्रधार जनरल आल्फोन्सो आर्मादा राजवाड्यात राजाजवळ आहे, म्हणजे उठावाला राजाचा पाठिंबा आहे, असे भासवण्यात आले होते. त्याने खात्री करण्यासाठी राजवाड्यात फोन केला आणि राजाचे सचिव साबिनो फेर्नांदेझ काम्पो यांनी आर्मादा इथे नाही आणि येण्याची अपेक्षाही नाही, असे उत्तर दिले. राजधानीत त्या तुकडीचे रणगाडे उतरले नाहीत, यामागे या एका फोनचा वाटा फार मोठा आहे. मंत्रिमंडळ ओलीस असताना खात्यांच्या सचिवांनी आणि उपसचिवांनी सुरक्षा खात्याचे प्रमुख फ्रान्सिस्को लाइना यांच्या नेतृत्वाखाली हंगामी कारभार हाती घेतला. मध्यरात्रीनंतर आर्मादा स्वतः संसदेत गेला. त्याच्या मनातल्या मंत्रिमंडळात समाजवादी आणि कम्युनिस्टही होते, आणि हे कळताच केवळ लष्करी सरकार हवे असलेल्या तेखेरोने त्याला धुडकावले. राजा हुआन कार्लोस लष्करी गणवेशात पडद्यावर आला तो रात्री एक वाजून गेल्यावर. मधल्या तासांत अनेक सेनाधिकारी कोणत्या बाजूला जायचे हे ठरवत होते.

यातले काहीही वगळले तर लोकशाहीत उठाव कसा होऊ शकतो हे कळत नाही. सर्वांत खटकणारी वगळलेली बाब १९७८ ची आहे. त्या वर्षी तेखेरोने सरकारच ताब्यात घेण्याचा कट रचला होता. पकडला गेला, पण शिक्षा झाली जेमतेम सात महिन्यांची, आणि तो सेवेत परतला. १९८१ नंतर तेहतीस जणांवर खटला चालला, तेव्हाही लष्करी न्यायालयाने आर्मादाला आधी सहाच वर्षे दिली होती. सर्वोच्च न्यायालयाने ती तीस केली. खटल्याविषयी एकही शब्द न बोलता ही फेरी संपवणे हा माझ्या मते मोठा दोष आहे. मी मार्गदर्शकाला १९७८ विषयी विचारले, तेव्हा त्याने नीट आणि प्रामाणिक उत्तर दिले. म्हणजे त्याला हे ठाऊक होते, संहितेत मात्र नव्हते. गट लहान असल्याने प्रश्न विचारायला वाव मिळतो, हे इथे आवर्जून नोंदवले पाहिजे.

आधी बाहेरची आणि मग आतली, हाच क्रम ठेवावा. दोन्हींच्या मध्ये निदान तासभर मोकळा ठेवावा, कारण पायी फेरी लांबते आणि संसदेच्या नोंदणीची वेळ चुकवून चालत नाही. समोरच्या पॅलेस हॉटेलाकडेही त्या तासात जरूर पाहावे. वेढ्याच्या रात्री सरकारच्या बाजूच्या अधिकाऱ्यांनी आपले ठाणे तिथेच मांडले होते, आणि खासगी फेरी त्याचा उल्लेख न करताच पुढे सरकते.