लिव्हरमधल्या गाठीसाठी ट्रिपल फेज सीटी, नाशिकच्या कॅनडा कॉर्नरजवळच्या सेंटरचा अनुभव

आईच्या पोटात दुखत होतं म्हणून सिडकोत घराजवळच सोनोग्राफी केली, आम्हाला वाटलं पित्ताचे खडे निघतील, पण रिपोर्टमध्ये लिव्हरच्या उजव्या भागात ३ सेंटिमीटरची पांढरट गाठ आली आणि खाली लिहिलेलं, "रूल आउट मॅलिग्नन्सी", म्हणजे कॅन्सर तर नाही ना ते बघा. ती ओळ वाचून घरात कोणाच्या घशाखाली घास उतरेना. मग घाईघाईत दुसऱ्या एका ठिकाणी सीटी केला, त्यांनी कॉन्ट्रास्ट, म्हणजे गाठ नीट दिसावी म्हणून शिरेतून सोडतात ते औषध, न देताच काढला, गाठ आहे एवढंच परत कळलं, पैसे गेले ते गेलेच. शेवटी आमच्या फॅमिली डॉक्टरांनी चिठ्ठीवर ट्रिपल फेज, म्हणजे ते औषध सोडून तीन वेगवेगळ्या वेळी फोटो काढायचा सीटी, असं ठळक लिहून इथे पाठवलं.

आधी काउंटरबद्दल. फोनवरच विचारलं की शुगरची गोळी कुठली चालू आहे, मेटफॉर्मिन म्हटल्यावर क्रिएटिनिनचा (किडनीच्या तपासणीचा) रिपोर्ट घेऊन या, तो बघून गोळीचं सांगतो म्हणाले. अ‍ॅलर्जी, दमा, आधी कधी कॉन्ट्रास्ट घेतलंय का, सगळं विचारलं. हे आधीच्या ठिकाणी कोणी विचारलं नव्हतं. कोपराजवळ हिरवी, जाड सुई लावली, आई घाबरली तर सिस्टर म्हणाल्या, "मावशी, औषध जोरात जायला पाहिजे, बारीक सुईतून जमत नाही, अंगात एकदम गरम वाटेल, लघवी झाली की काय असं वाटेल, पण तसं काही होत नाही." आणि खरंच तसंच वाटलं, पण आधीच माहीत होतं म्हणून आई हलली नाही. श्वास रोखायची सूचना मशीन इंग्रजीत देतं, टेक्निशियन माइकवरून तेच मराठीत सांगत होता, ही गोष्ट मला फार आवडली.

पण हे लिहायला बसलो ते रेडिओलॉजिस्ट सरांमुळे. त्यांनी मला आत बोलावून स्क्रीनवर दाखवलं. लिव्हरला रक्त दोन वाटांनी येतं, साधारण ७५ टक्के आतड्याकडून पोर्टल व्हेनने आणि बाकीचं हिपॅटिक आर्टरीने (लिव्हरच्या धमनीने), आणि लिव्हरचा नेहमीचा कॅन्सर, म्हणजे एचसीसी, जवळपास सगळं रक्त आर्टरीतून ओढतो. म्हणून औषध सोडल्यावर ३५-४० सेकंदांनी, मग ७० सेकंदांच्या आसपास आणि मग काही मिनिटांनी असे वेगवेगळे फोटो काढतात. एचसीसी पहिल्या फोटोत चमकते आणि नंतर बाकीच्या लिव्हरपेक्षा काळी पडते. साध्या सीटीत यातलं काहीच दिसत नाही.

आईच्या गाठीत मात्र पहिल्या फोटोत फक्त कडेला तुटक तुटक पांढरे ठिपके होते, आत काळं. पुढच्या फोटोत ठिपके मोठे झाले, शेवटच्यात जवळजवळ सगळी गाठ भरलेली. वाफ्यात पाटाचं पाणी सोडल्यावर ते कडेकडेने आत सरकतं ना, अगदी तसंच. सर म्हणाले हा हिमँजिओमा, रक्तवाहिन्यांचाच गुंता, कॅन्सर नाही, लिव्हरमधल्या साध्या गाठींमध्ये सगळ्यात जास्त हाच सापडतो आणि बायकांमध्ये जास्त. जुन्या सोनोग्राफीत "कलर डॉपलरवर रक्तप्रवाह नाही" असं लिहिलेलं, त्याचंही त्यांनी सांगितलं, आत रक्त इतकं सावकाश फिरतं की डॉपलरला पकडता येत नाही. बायोप्सीचं विचारलं तर म्हणाले चित्र एवढं स्पष्ट असताना रक्ताने भरलेल्या गाठीत सुई कशाला घालायची.

मी खोदून खोदून विचारत होतो आणि ते कंटाळले नाहीत. छोटा हिमँजिओमा कधी कधी पहिल्याच फोटोत पूर्ण चमकतो आणि एचसीसीसारखा वाटतो, पण नंतर काळा पडत नाही, शरीरातल्या रक्तासोबत पांढराच राहतो. एफएनएच नावाच्या साध्या गाठीत मधोमध व्रणासारखा भाग असतो आणि रक्तवाहिन्या तिथून बाहेर पसरतात. दुसरीकडून पसरून आलेल्या कॅन्सरला बऱ्याचदा फक्त कडेने रिंग दिसते. आणि "चमकली, मग काळी पडली, म्हणजे एचसीसी" हा नियम सिरॉसिस (लिव्हर खराब होऊन कडक होणं) किंवा जुनी हिपॅटायटिस बी असलेल्या पेशंटलाच लावतात, म्हणून त्यांनी आईला कावीळ, रक्त चढवणं हे सगळं आधी विचारून घेतलेलं. रिपोर्टमध्ये प्रत्येक फेजला गाठ कशी दिसली ते वेगळं लिहिलंय, पोर्टल व्हेन मोकळी आहे, गुठळी नाही हेही लिहिलंय. डॉक्टरांनी रिपोर्ट बघून गोळीसुद्धा दिली नाही, फक्त काही महिन्यांनी परत एक सोनोग्राफी करा म्हणाले.

वाईट काय, तर वेटिंग. अपॉइंटमेंट असूनही बराच वेळ बसवलं आणि उपाशी माणसाला ते जड जातं. पार्किंग नाहीच, गाडी लांब लावून आईला रिक्षाने आणलं. रिपोर्ट संध्याकाळी देतो म्हणाले, मिळाला दुसऱ्या दिवशी, ती रात्र कशी काढली आमचं आम्हाला माहीत. म्हणून पाचपैकी साडेचार.

जाणार असाल तर फोनवर "लिव्हरसाठी ट्रिपल फेज" असंच सांगा, नुसतं पोटाचा सीटी म्हणू नका. जुन्या सोनोग्राफीच्या फिल्म सोबत न्या, सर मागतात, आणि निघताना सीडी मागून घ्या, ती आपणहून देत नाहीत.