पोरीचा बॉक्सिंग क्लब, आठ महिन्यांनंतरचा अनुभव (नागपूर)

मागच्या जूनमध्ये पोरीला आमच्या भागातल्या बॉक्सिंग क्लबमध्ये टाकलं, ती १५ वर्षांची आहे, आता फेब्रुवारी संपत आला, म्हणजे आठ महिने झाले. सोसायटीतल्या बऱ्याच जणी विचारून राहिल्या म्हणून सगळं एकदाच लिहिते.

याच्या आधी तीन महिने एका जिममध्ये पैसे घालवले. बोर्डावर बॉक्सिंग लिहिलेलं, आत मोठ्यानं गाणी लावून बॅगवर दणादण हात मारायचे, बस्स. पाय कुठे ठेवायचा हेसुद्धा कोणी सांगितलं नाही, पोरगी मनगट दुखावून बसली, डॉक्टरांनी विचारलं हाताला बॅन्डेजची पट्टी न बांधताच मारत होती का, तर हो, तसंच मारत होती, आम्हाला तरी कुठे माहीत होतं.

हा क्लब म्हणजे पत्र्याचा शेड, एक रिंग आणि सहा बॅग, त्यातल्या दोन टेपनं चिकटवलेल्या. फी महिन्याला ७०० रुपये. ग्लोव्हज १४०० चे घेतले, बॅन्डेज आणि टीथगार्ड वेगळं, हेडगार्ड क्लबचंच वापरतात. आणि पहिले पाच आठवडे कोच सरांनी ते ग्लोव्हज घालूच दिले नाहीत! नुसता स्टान्स म्हणजे उभं राहायची पद्धत, पुढे-मागे सरकणं, दोरीवरच्या उड्या आणि आरशासमोर जॅब, म्हणजे पुढच्या हाताचा सरळ ठोसा. पोरगी रोज चिडून घरी यायची, मलाही वाटलं पैसे पाण्यात चालले, एक दिवस जाऊन विचारलंच. सर म्हणाले, "ताई, आत्ता रिंगमध्ये सोडली तर मार खाईल अन् परत येणार नाही. आधी पाय बसू द्या." तेव्हा पटलं नव्हतं, आता पूर्ण पटलंय, आणि मला विचाराल तर या क्लबची पोरं जिंकतात ती या पाच आठवड्यांमुळेच.

बॅन्डेज बांधायला मीही शिकले. अंगठ्यात फास, मनगटाला तीन वेढे, मुठीच्या हाडांवरून तीन, मग एकेका बोटाच्या मधून काढून परत मनगटावर. मूठ वळवून बघायची, बोटं पांढरी पडली की सोडायचं आणि पहिल्यापासून. सुरुवातीला दहा मिनिटं लागायची, आता बोलता बोलता होतं.

सप्टेंबरमध्ये शालेय जिल्हास्तर स्पर्धा झाली, १७ वर्षांखालच्या गटात. दोन-दोन मिनिटांचे तीन राउंड. ऐकायला किती कमी वाटतं, पण रिंगच्या बाहेर उभ्या असलेल्या आईला ती सहा मिनिटं संपता संपत नाहीत. हरली. सगळ्या जजेसनी समोरच्या मुलीला दिलं. रात्री जेवली नाही. सरांनी रागवणं नाही की भाषण नाही, दुसऱ्या दिवशी मोबाइलवर ती बाउट, म्हणजे लढत, लावली आणि तिलाच मोजायला सांगितलं, जॅब मारल्यावर डावा हात किती वेळा कमरेपर्यंत खाली येतो ते. अकरा वेळा! त्यानंतर दोन महिने सरांनी हातात धरलेल्या पॅडवर एकच काम, जॅब मारला की हात थेट गालापाशी, जरा खाली दिसला की सरांचा पॅड टपकन कानशिलावर. हळूच, पण कळेल असा.

जानेवारीत जिल्ह्याच्या दुसऱ्या स्पर्धेत दोन बाउट जिंकली आणि फायनलला हरून सिल्व्हर आणलं. सेमीफायनलची समोरची मुलगी डावरी होती, उंचही होती. दुसऱ्या राउंडनंतर कॉर्नरला पाणी पाजून सर एवढंच म्हणाले, "हात वर, डावीकडे फिर." पोरगी फिरली, त्या मुलीच्या डाव्या हातापासून लांब राहिली. तीन जज आपल्या बाजूनं, दोन विरोधात. मी इतकी ओरडले की दोन दिवस आवाज बसला होता.

आपल्याच नागपूरच्या अल्फिया पठाणनं २०२१ मध्ये पोलंडला युथ वर्ल्ड चॅम्पियनशिपमध्ये ८१ किलोवरच्या गटात गोल्ड घेतलं, त्या स्पर्धेत भारताच्या मुलींनी एकूण ७ गोल्ड आणले होते. क्लबमधल्या मुली तिचं नाव घरच्या ताईसारखं घेतात. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकला विजेंदर सिंग, अखिल कुमार आणि जितेंदर कुमार हे आपले बॉक्सर तिघंही क्वार्टरफायनलला पोचले, तिघंही हरियाणातल्या भिवानीच्या क्लबचे, आणि विजेंदरनं ब्राँझ आणलं. २०२३ ची ४८ किलोची वर्ल्ड चॅम्पियन नीतू घंघासही तिथलीच. वर्ल्ड चॅम्पियन झालेल्या निखत झरीननं सुरुवात केली ती तेलंगणातल्या निजामाबादला. म्हणजे गाव लहान असलं तरी रोज येणारा कोच आणि स्पारिंगला, म्हणजे सरावाच्या लढतीला, जोडीदार असले की पोरं वर जातात, हे मला आता डोळ्यांनी दिसून राहिलंय. आमच्याकडचा एक ऑटोवाल्या दादांचा मुलगा याच वर्षी राज्यस्तरावर खेळून आला.

वजनाबद्दल सांगायलाच हवं. पोरगी ५१ किलो ४०० ग्रॅम भरते, एका पालकांनी सुचवलं की दोन दिवस पाणी कमी करा, ५० किलोच्या गटात सोपं जाईल. सरांनी साफ नाही म्हटलं, वाढीच्या वयात असला प्रकार चालणार नाही, ५२ मध्येच खेळेल. नाकातून एकदा रक्त आलं तेव्हाही लगेच थांबवून चार दिवस स्पारिंग बंद. डोक्याला मार लागून बाउट थांबली तर किमान ३० दिवस रिंगबंदी असते, हेही त्यांनीच पहिल्या महिन्यात सगळ्या पालकांना बसवून समजावलं होतं.

कमी काय आहे तेही लिहिते. रिंगचं कापड एका कोपऱ्यात फाटलंय, पाय अडकायची भीती वाटते. मे महिन्यात त्या पत्र्याखाली सराव कसा होणार कोण जाणे, सर म्हणतात पहाटे पाचला बोलावू. आणि सगळ्यात मोठी अडचण, मुलींना कपडे बदलायला खोली नाही, चौदा मुली आहेत तरी. घरूनच ट्रॅकसूट घालून जातात आणि घामानं ओल्या तशाच परत येतात, थंडीत फार वाईट वाटायचं. शेवटी आम्ही सात पालक खोलीसाठी पैसे जमा करून राहिलो. पत्रे आलेत, विटा सरांच्या ओळखीनं मिळाल्या, मार्चमध्ये दार बसेल.