तीस किलोचा इलेक्ट्रॉनिक काटा: पॉइंटनंतरचे तीन आकडे, त्यातला शेवटचा लबाड

नागपूरच्या महाल भागात घरूनच माझं सावजी मसाल्याचं काम चालतं, थंडीत सांबारवडीच्या ऑर्डरीही घेते. इतवारीतून 30 किलोचा, भाव टाकायची सोय असलेला काटा आणला. साडेतीन हजारांच्या आत बसला. कंपनीचं नाव लिहीत नाही, पुढे तक्रारी आहेत.

आधी चांगलं सांगते. अर्धा किलो ठेवला की हा 0.5 नाही, 0.500 दाखवतो. पाव किलोला 0.250. त्या मागच्या शून्यांसाठी मी याला पूर्ण मार्क देते. नववीतला पुतण्या वजनं मांडायला बसला, तेव्हा शून्यं गाळून लिहीत होता: मिरची 1.2, धने .75, खोबरं .4, दगडफूल .05. मग उजव्या कडेला आकडे जुळवून बेरीज केली, आली 0.96! म्हटलं, बाप्पा, एकटी मिरचीच सव्वा किलोच्या आसपास आहे नं, मग सगळं मिळून किलोच्या आत कसं? काट्यावर दिसतं तसंच उतरव म्हणून सांगितलं. 1.200, 0.750, 0.400, 0.050. पॉइंटखाली पॉइंट आपोआप आला आणि बेरीज 2.400. 1.25 मोठं की 1.5, हा घोळही मिटला, कारण 1.250 आणि 1.500 शेजारी असले की पंचवीस पाचापेक्षा मोठे वाटतच नाहीत.

टेअरचं बटणही छान. गंज (पातेलं) ठेवा, बटण दाबा, शून्य. नंतर गंज उचलला की -0.180 दिसतं. पुतण्याला वाटलं मशीन बिघडलं. अरे, ते गंजाचं वजन आहे, उलट्या बाजूनं.

आता लबाडी. पॉइंटनंतर तीन आकडे आहेत म्हणजे काटा एकेक ग्रॅम मोजतो, असं समजू नका. शेवटच्या जागी फक्त 0 किंवा 5 येतं. मागच्या पट्टीवर e = 5 g (आकडा पाच-पाच ग्रॅमनं सरकतो) आणि Min 100 g (याहून कमी वजन यावर मोजू नये) लिहिलं आहे, ते दुकानात कोणी वाचून दाखवत नाही. म्हणजे 50 ग्रॅम दगडफुलासाठी हा काटा नाहीच. आकडा दिसेल, पण भरवसा नाही. लहान जिन्नस वेगवेगळे मोजून बेरीज केली तर प्रत्येकाची दोन-अडीच ग्रॅमची ओढाताण बेरजेत येते. खसखस, शहाजिरं, दगडफूल यांच्यासाठी मी ग्रॅमचा छोटा काटा वेगळा ठेवलाय.

दुसरी तक्रार टिंबाची. आकडे लालभडक, पण मधलं टिंब इतकं फिकट की उजेडात 1.250 चं 1250 होतं. काहून असं बनवतात, कळत नाही. आणि मे महिन्यात कुलरच्या झोतात ठेवला तर शेवटचा आकडा 0.495, 0.500, 0.505 असा नाचतो. कुलर तर आपण बंद करणार नाही, म्हणून काटा कोपऱ्यात.

भावाचं गणित मात्र चोख. 640 रुपये किलोच्या मसाल्याचे 0.350 ला 224.00. सासूबाईंना याचं कौतुक नाही. त्यांच्या वेळी शेराच्या सोळा छटाक आणि रुपयाचे सोळा आणे, म्हणून जितके रुपये शेर तितके आणे छटाक, तोंडीच हिशोब. 1957 साली नवे पैसे आले आणि ती सोय गेली, असं त्या म्हणतात. मी त्यांना दाखवलं, 640 रुपये किलो तर 100 ग्रॅमचे 64 आणि 10 ग्रॅमचे 6.40, पॉइंट एकेक घर डावीकडे. "हे बरं आहे," म्हणाल्या, एवढंच. 0.335 ला मात्र 214.40 येतात आणि ते चाळीस पैसे कोणी देत नाही, मी मागतही नाही.

विक्रीसाठी घेत असाल तर वैधमापन शास्त्र विभागाचा शिक्का आहे का ते दुकानातच पाहून घ्या, आणि दरवर्षी तपासणी करून घ्यावी लागते हे धरून चाला. नुसता घरी केक करायचा असेल तर हा घेऊ नका, ग्रॅमचा स्वस्त काटा पुरे. पाच-दहा किलोंची कामं असतील तर घ्या, फक्त टिंब उजेडात नेऊन बघा.