मुलाची एबीए थेरपी, कोल्हापूर: काही महिन्यांनंतरचा अनुभव

मुलगा चार वर्षांचा, ऑटिझमचं निदान झालेलं. जूनपासून राजारामपुरीतल्या एका सेंटरवर एबीएला (अप्लाइड बिहेवियर ॲनालिसिस, म्हणजे वागण्यामागचं कारण शोधून, बक्षीस देत नवं वागणं शिकवण्याची पद्धत) जातो. ओळखीचे पालक एकच विचारतात, "बोलायला लागला का?" थोडं थोडं. मला खरा फरक दिसला तो जेवणात.

ताट भिरकावायचा. कधी भिरकावेल याचा नेम नसायचा. थेरपी देणाऱ्या मॅडमनी एक तक्ता भरायला दिला: आधी काय घडलं, त्यानं काय केलं, नंतर घरच्यांनी काय केलं. सासूबाईंनीच तो नेटानं भरला आणि त्यांच्याच लक्षात आलं, भातावर आमटी ओतली की ताट उडतं. ताट उडालं की आपण त्याला उचलून घेतो, म्हणजे त्याचं काम फत्ते! मग त्याला 'नको'ची खूण शिकवली. आधी त्याचा हात धरून, मग मनगटाला नुसता स्पर्श, मग तोही बंद. खूण केली की आमटी लगेच बाजूला. ताट फेकून मात्र सुटका नाही. सुरुवातीला फेकाफेक उलट वाढली. असं होतं हे मॅडमनी आधीच सांगितलेलं, म्हणून टिकलो. आता ताट जागेवर असतं. आमटी अजून खात नाही, ते चालतंय की.

बक्षीस म्हणून कमी तिखटाच्या भडंगाचे दोन-चार दाणे. मोबाईलपेक्षा बरं, लगेच संपतं.

खटकलेलं एक म्हणजे सेंटरवर 'गिव्ह मी' आणि घरी 'दे'. तिथं जमलेलं घरी जमेना. सांगितल्यावर त्यांनी मराठी सुरू केलं. हे पहिल्याच दिवशी बोलून घ्या.

याआधीच्या सेंटरवर 'माझ्याकडे बघ' म्हणत हनुवटी धरायचे, आनंदानं हात फडफडवले की दाबून ठेवायचे. ते आम्ही सोडलं. हात फडफडवून कुणाचं काय बिघडतं? या पद्धतीचा इतिहासही तसा सरळ नाही. अमेरिकेत ही पद्धत ऑटिस्टिक मुलांसाठी वापरणारे मानसशास्त्रज्ञ इवार लोवास यांच्या सुरुवातीच्या प्रयोगांत मुलांना थप्पड आणि विजेचे झटकेही दिले गेले. मोठे झालेले अनेक ऑटिस्टिक लोक आज एबीएवर कडक टीका करतात, ती जरूर वाचा. सेंटरवाले ज्याचा दाखला देतात तो १९८७ चा अभ्यासही लोवास यांचाच: आठवड्याला सुमारे ४० तास, १९ पैकी ९ मुलं इतर मुलांच्या बरोबरीला आली. पण तुलनेसाठी केलेले मुलांचे गट चिठ्ठ्या टाकून पाडलेले नव्हते, म्हणजे निकाल पूर्ण भरवशाचा नाही, आणि ४० तास इथं परवडणार कुणाला? आमचं आठवड्याला काही तासांचंच चालतं, बाकी घरीच.

खर्चाचं म्हणाल तर दिव्यांग प्रमाणपत्र आधी काढा. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत ऑटिझम आहे. केंद्र सरकारच्या नॅशनल ट्रस्टच्या निरामय आरोग्य विम्यात वर्षाला १ लाखापर्यंत संरक्षण मिळतं, त्यात थेरपीही धरतात.

आणि सेशनला आत बसू देतात का ते विचारा. 'पालकांनी बाहेर थांबायचं' म्हणणाऱ्या ठिकाणी आम्ही दुसऱ्यांदा गेलो नाही.