कॉन्कॉर्डमधील तिसरी खुर्ची : ‘एअरोस्पेस ब्रिस्टल’ संग्रहालय

इंग्लंडमधील ब्रिस्टल शहराच्या उत्तरेला, फिल्टनच्या आता बंद झालेल्या विमानतळालगत ‘एअरोस्पेस ब्रिस्टल’ हे संग्रहालय आहे. बहुतेक लोक तेथे कॉन्कॉर्ड हे ध्वनीहून वेगवान प्रवासी विमान पाहायला जातात. मी त्यातली एक खुर्ची पाहायला गेलो होतो. 26 नोव्हेंबर 2003 रोजी ‘अल्फा फॉक्सट्रॉट’ हे विमान फिल्टनला उतरले आणि कॉन्कॉर्डची उड्डाणे कायमची थांबली. तेच विमान आता खास बांधलेल्या दालनात उभे आहे.

प्रवासी कक्ष अपेक्षेपेक्षा अरुंद आहे, तेथे फार रेंगाळू नये. पाहण्यासारखे खरे आहे ते कॉकपिटच्या उंबऱ्यावरून. सगळ्यांची नजर समोरच्या दोन आसनांकडे जाते. आपण उजवीकडे पाहावे. तबकड्या, दिवे आणि बटणांनी खचाखच भरलेले, भिंत व्यापणारे ते पॅनेल फ्लाइट इंजिनिअरचे, म्हणजे दोन वैमानिकांच्या जोडीला यंत्रणांवर देखरेख ठेवणाऱ्या तिसऱ्या माणसाचे. ध्वनीचा वेग ओलांडला की पंखांवरील उचल, म्हणजे विमानाला वर धरणारा हवेचा जोर, मागे सरकते, म्हणून तोल राखण्यासाठी हा माणूस सुमारे 20 टन इंधन पंपांनी मागच्या टाकीत पाठवून विमानाचा गुरुत्वमध्यही मागे नेत असे आणि वेग कमी होताना तेच इंधन पुन्हा पुढे आणत असे. ध्वनीच्या दुप्पट वेगाला विमानाचे धड तापून सुमारे 20 सेंटिमीटरने लांबत असे; तेव्हा या पॅनेलच्या कडेला हात आत जाईल एवढी फट उघडे आणि विमान थंड झाले की ती मिटून जाई. त्या मिटलेल्या सांध्याकडे मी इतका वेळ पाहत राहिलो की मागे ताटकळलेल्या मंडळींना खाकरावे लागले.

1989 मध्ये सेवेत आलेल्या बोइंग 747-400 ने आधीच्या 747 च्या कॉकपिटमधील 971 दिवे, तबकड्या आणि बटणे 365 वर आणली, देखरेख संगणकाकडे सोपवली आणि तिसऱ्या माणसाची गरजच संपवली. एअर इंडियाच्या जुन्या 747 विमानांवर मुंबईहून उड्डाण केलेल्या फ्लाइट इंजिनिअरांनाही हे पॅनेल नात्यातले वाटेल. कॉन्कॉर्डवर मात्र ही जागा शेवटच्या उड्डाणापर्यंत टिकली.

तिकिटाचे पैसे माझ्यापुरते त्या उंबऱ्यावरच वसूल झाले. शक्य असल्यास गर्दी नसलेला दिवस निवडावा आणि विमानात दोनदा चढावे, कारण पहिल्या खेपेला कितीही ठरवले तरी डोळे समोरच्या काचांकडेच जातात.