मुखपृष्ठ ते मलपृष्ठ: 'फिल्मइंडिया'चे स्कॅन केलेले अंक काही महिने वाचल्यावर

आधी निकाल सांगते, म्हणजे ज्यांना घाई आहे त्यांना पुढचं वाचायला नको. सिनेमासिकांची मुखपृष्ठं, तारकांवरचे लेख, प्रसिद्धीचा सगळा व्यवहार ज्यांना मुळापासून समजून घ्यायचा आहे, त्यांनी संपादक बाबूराव पटेलांच्या 'फिल्मइंडिया' या इंग्रजी सिनेमासिकाचे जुने अंक वाचावेत. फुकट मिळतात. मात्र नुसती मुखपृष्ठं बघून पुढे जाऊ नका, अंक पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचा. माझं सगळं म्हणणं एवढंच आहे. पुढे लिहिलंय ते का, ते.

हे अंक मीडिया हिस्टरी डिजिटल लायब्ररी या प्रकल्पातून इंटरनेट आर्काइव्हवर आले आहेत. सगळी वर्षं मिळत नाहीत, पण 1940च्या आगेमागचे भरपूर आहेत. ग्रंथालयात बांधून ठेवलेले खंडच्या खंड स्कॅन केलेले आहेत, त्यामुळे एक दुवा उघडला की बरेच अंक एकापाठोपाठ हाती येतात. नाव टाकून शोधायचं असेल तर त्याच प्रकल्पाचं 'लँटर्न' हे शोधयंत्र वापरा. नोंदणी नाही, वर्गणी नाही, पीडीएफ उतरवूनही घेता येते.

मी दिवाळी अंकांची मांडणी करते. दर वर्षी कुणीतरी 'जुन्या फिल्मी मासिकासारखं कव्हर करा' म्हणतंच. त्यासाठी नमुने गोळा करायचे म्हणून मी हे खंड उघडले आणि पावसाळाभर ते माझ्या टॅबवर उघडेच राहिले.

मुखपृष्ठाबद्दल आधी, कारण बहुतेक लोक त्याच्यासाठीच येतात. 'फिल्मइंडिया'ची बरीच मुखपृष्ठं हाताने रंगवलेली आहेत, आणि त्यातलं नाव म्हणजे गुलबर्ग्याचे चित्रकार एस. एम. पंडित. चित्र पडद्यावर मोठं करत न्या. आधी गाल, ओठ, कपाळावरची बट असं सगळं सलग दिसतं. आणखी मोठं केलं की गाल फुटतो आणि ठिपके दिसायला लागतात: पिवळा, तांबडा, निळा, काळा. प्रत्येक रंगाचा ब्लॉक, म्हणजे छपाईचा ठसा, वेगळा, कागद प्रत्येक रंगासाठी यंत्रातून पुन्हा जायचा. एखादा ब्लॉक केसभर सरकला असेल तर ओठांच्या कडेला तांबडी रेघ बाहेर आलेली दिसते. पंडितांचं कसब इथे कळतं. छपाईत सावल्या काळवंडणार आणि रंग मिसळणार हे धरूनच चेहऱ्याचा उजेड चढा ठेवलेला आहे. मूळ चित्र कदाचित भडक वाटलं असतं, छापून आल्यावर ते नेमकं बसतं. आजही आम्ही पडद्यावर दिसणारा रंग आणि कागदावर उतरणारा रंग यांच्यात हीच कसरत करतो, म्हणून मी त्या पानांवर तासन्‌तास रेंगाळले.

दुसरी गोष्ट डोळ्यांत भरते ती म्हणजे मोकळी जागा. मुखपृष्ठावर मासिकाचं नाव, चेहरा आणि जेमतेम मजकूर. आत काय आहे याची जाहिरात नाही. हे पुढे पार बदललं. ऑक्टोबर 1971मध्ये 'स्टारडस्ट' आलं, तेव्हा पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर राजेश खन्नांनी गुपचूप लग्न केलंय का, असा सवाल होता. तिथपासून चेहऱ्याच्या जोडीला खबर आली आणि चेहरा त्या खबरीचा साक्षीदार झाला. आता तर 'डिजिटल कव्हर' नावाचा प्रकार आहे. मुखपृष्ठ असतं, पण त्याच्यामागे अंक नसतोच. फोटो मोबाइलवर फिरतो, त्याच आठवड्यात सिनेमा लागतो आणि काम झालं. मला हे मनापासून खटकतं, कारण मुखपृष्ठ हे कशाचं तरी मुखपृष्ठ असावं लागतं.

पण 'जुनं ते सोनं' म्हणायलाही मी तयार नाही, आणि हे मत नुसती मुखपृष्ठं बघून झालं नसतं. पूर्ण अंक वाचल्यावर लक्षात येतं की तारकेचा रंगवलेला चेहरा, आतला गौरवाचा मजकूर, पानभर जाहिरात आणि परीक्षण ही चारही एकाच घरची माणसं आहेत. एका अंकाच्या मुखपृष्ठावरची नटी पकडा, तिचा चालू सिनेमा कोणता ते बघा, त्या कंपनीची जाहिरात त्या अंकात किती पानं आहे ते मोजा, मग दोन-तीन अंक पुढे जाऊन परीक्षण वाचा. मी हे पुन्हा पुन्हा केलं. कधी जाहिरात आणि कौतुक हातात हात घालून जातात, कधी जाहिरात दिमाखात आणि परीक्षणात सालटी काढलेली. दुसरा प्रकार सापडला की बाबूरावांबद्दल आदर वाटतो. मात्र हेच बाबूराव स्वतः सिनेमे काढत होते. सुशीला राणींना घेऊन त्यांनी 1944मध्ये 'द्रौपदी' आणि 1946मध्ये 'ग्वालन' केला, आणि दोघांचा संसारही एकच होता. संपादक, निर्माता, नायिकेचा नवरा आणि जाहिरातीच्या पानांचा मालक एकच असताना त्या पानांवरचं कौतुक कसं वाचायचं, हे डोळे उघडे ठेवून ठरवावं लागतं.

तारकांवरच्या मजकुरात मला सगळ्यात जास्त काय लागलं ते सांगते. त्या काळात मराठी घरांतून शिकलेल्या मुली पडद्यावर येत होत्या: दुर्गा खोटे, लीला चिटणीस, स्नेहप्रभा प्रधान, वनमाला. लीला चिटणीसांच्या नावापुढे बी.ए. आवर्जून मिरवलं जाई. 'चांगल्या घरातली' हा शिक्का हाच प्रसिद्धीचा माल होता, आणि तो विकताना आधीपासून पडद्यावर असलेल्या, गाण्याबजावण्याच्या घराण्यातून आलेल्या बायका 'तशा घरातल्या' ठरत होत्या. 1941मध्ये लीलाबाई लक्स साबणाच्या जाहिरातीत आल्या. तोवर त्या जागी हॉलिवूडच्या नट्या असत. आपल्याकडचा चेहरा साबण खपवू शकतो, हे कंपनीला पटायला पदवी, घराणं आणि पडदा या तिन्ही गोष्टी एकत्र याव्या लागल्या.

आणि अभिनेत्री शांता आपटे. जुलै 1939मध्ये त्या पुण्यात 'प्रभात' फिल्म कंपनीच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. पुढच्या वर्षी 'जाऊ मी सिनेमात?' हे पुस्तक लिहून या धंद्यात कलावंताची पिळवणूक कशी होते ते त्यांनी स्वतःच्या शब्दांत मांडलं. ते माहीत असेल तर त्या वर्षांचे अंक जरूर चाळा. मासिकांच्या पानांवर नट्यांचे फोटो मुबलक, त्यांच्याविषयी बोलणारे मुबलक, पण बाई स्वतः बोलतेय असं पान शोधावं लागतं. 'सेलिब्रिटी फीचर' म्हणून आज जे छापलं जातं, त्यातही कलाकाराच्या तोंडी प्रसिद्धीवाल्यांनी घोटवलेली वाक्यं असतात. नव्वद वर्षांत एवढं तरी बदलायला हवं होतं.

एक इशारा. बाबूरावांची लेखणी धारदार होती आणि ती कुणाच्या अंगावर चालवायची याला धरबंध नव्हता. बायकांच्या रूपावर, शरीरावर, वयावर केलेली टिंगल वाचून मी काही वेळा टॅब मिटून ठेवला. धर्मावरून, प्रांतावरून मारलेले टोमणेही आहेत. वाचकांच्या प्रश्नोत्तरांचं सदर हे त्या मासिकाचं सगळ्यात लोकप्रिय पान. लोक अंक उघडून आधी तिथेच जात, आणि हजरजबाबीपणा खरोखर अफाट आहे. पण त्याच उत्तरांत हे विषही आहे. कॉलेजच्या मुलांना हे अंक अभ्यासाला देणार असाल तर त्यावर आधी बोलून घ्या.

याच मासिकाने परदेशी सिनेमांतून होणाऱ्या हिंदुस्थानच्या बदनामीविरुद्ध रान उठवलं, हेही विसरता येत नाही. 1938मध्ये 'द ड्रम'विरुद्ध मुंबईत निदर्शनं झाली. ख्वाजा अहमद अब्बास आणि बाबूराव त्या मोहिमेत पुढे होते. युद्ध सुरू झाल्यावर कागदाची टंचाई आली, कच्च्या फिल्मवर बंधनं आली, सिनेमाची लांबी 11,000 फुटांवर, म्हणजे साधारण दोन तासांवर आणली गेली. अशा दिवसांत रंगीत मुखपृष्ठ काढत राहायचं म्हणजे खर्चाची आणि कागदाची ओढाताण होतीच. पालघरजवळच्या मासवणच्या माणसाने 1935मध्ये मुंबईत सुरू केलेलं हे मासिक देशभर वाचलं जात होतं, आणि आपल्यातल्या कितीतरी सिनेमाप्रेमींना त्याचं नावही ऐकून माहीत नसतं.

वापरण्याबद्दल थोडं. मोबाइलवर वाचू नका, डोळे जातील. टॅब किंवा लॅपटॉप हवाच. खंड अवजड आहेत, तेव्हा जो महिना हवा तो जागच्या जागी उघडून वाचणं सोयीचं. यंत्राने केलेला शब्दशोध साध्या मजकुरावर चालतो, पण नक्षीदार अक्षरांतल्या जाहिराती त्याला वाचता येत नाहीत, त्यामुळे जाहिरातींसाठी पानं उलटायलाच हवीत. नावांची स्पेलिंगं एकसारखी नाहीत, 'चिटणीस' दोन-तीन प्रकारे टाकून बघा. बांधणीत काही पानांची आतली कड गिळली गेलीय. इंग्रजी भरजरी आहे, लांबलचक वाक्यांचं. पहिले दोन अंक जड जातील, मग लय सापडते.

आता एक तक्रार, जी माझ्या मनात फार दिवस आहे. जुन्या वस्तू विकणाऱ्या एका दुकानात मला अशाच जुन्या सिनेमासिकांची मुखपृष्ठं चौकटीत बसवलेली दिसली. बाकीचा अंक कुठे, असं विचारलं तर रद्दीत दिला म्हणाले. मुखपृष्ठाला भाव आहे, आतल्या पानांना नाही. कापलेल्या त्या मुखपृष्ठावरून ना सिनेमा कळतो, ना कंपनी, ना त्या महिन्यात त्या नटीबद्दल कोण काय बोलत होतं ते.

'फिल्मइंडिया' इंग्रजीत होतं म्हणून टिकलं. मराठीतली सिनेनियतकालिकं अशी सहज सापडत नाहीत. नाशिकचं 'रसरंग' कितीतरी घरांत दर आठवड्याला यायचं. मुळगावकर आणि दलाल या चित्रकारांच्या मुखपृष्ठांचे दिवाळी अंक माळ्यावर असतील. तुमच्याकडे असले अंक असतील तर स्कॅन करताना मुखपृष्ठापाशी थांबू नका. रंगीत, किमान 300 डीपीआय, आणि प्रत्येक पान घ्या: साबणाची जाहिरात, वाचकांची पत्रं, वर्गणीचा फॉर्म, मुद्रक-प्रकाशकाची ओळ, मलपृष्ठ. पानं सुटी करू नका, खंड बांधलेला असेल तर उसवू नका, वरून फोटो काढले तरी चालतात. फाइलच्या नावात महिना आणि वर्ष घाला.